ओरखडे माझ्या नावावर

काळी गाडी कोरडी पुसायची नसते. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमची लेक धड चालायलाही लागली नव्हती, तेव्हापासून गाडीजवळ गेली की हात आपोआप पाठीमागे बांधायची. पाहुण्यांना कौतुक वाटायचं, पोर किती शहाणी म्हणून. शहाणी कसली, बापाचा धाक होता तो.

गाडीवर जी धूळ बसते तिच्यात बारीक वाळू असते. कोरडं फडकं फिरवलं की ती वाळू रंगावरून फरफटत जाते आणि केसाएवढे ओरखडे उठतात. पांढऱ्या गाडीवर ते दिसतही नाहीत. काळीवर ऊन पडलं की बॉनेटभर गोल गोल जाळं उमटतं, कोळ्यानं विणल्यासारखं. म्हणून आधी नुसत्या पाण्यानं धूळ वाहून जाऊ द्यायची. मग दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. टपापासून सुरुवात, चाकं शेवटी, आणि चाकांचं फडकं वेगळं. फडकं जमिनीवर पडलं की त्याची गाडीशी सोयरीक संपली, ते मग फरशीला. आणि हे सगळं सावलीत, कारण उन्हात थेंब वाळले की पांढरे डाग पडतात. हा पाढा मी संसारात इतक्या वेळा ऐकला की झोपेत विचारलं तरी म्हणून दाखवीन. पण गाडीला हात लावायची मला कधी परवानगी नव्हती.

यांचा धंदाच तो. हे आणि यांचे भागीदार, ज्यांना अख्खी गल्ली लांबू म्हणायची, दोघांचं गाड्या चमकवायचं दुकान होतं. इंजिनाला हात लावायचा नाही, चाकाची हवासुद्धा बघायची नाही. फक्त रंग. लोक मळलेल्या, विटलेल्या गाड्या आणून सोडायचे आणि नेताना स्वतःची ओळखायचे नाहीत. आमची काळी अशीच कोणीतरी टाकून दिलेली होती, टपावर पांढरे चट्टे उठलेली. यांनी ती घरी आणली, महिनाभर तिच्याशी झुंजले आणि मग तिच्यात तोंड बघून भांग पाडता येईल अशी करून दाखवली. तेव्हापासून ती यांचा जीव की प्राण. मी तिला सवत म्हणायचे. "तुमच्या सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर जेवायला या," असं मी सांगायचे, आणि हे म्हणायचे, "सवत तुझी, माझी नव्हे. माझी ती पहिली."

मी काही गरीब गाय नाही. त्या गाडीवरून आमची जितकी भांडणं झाली तितकी सासूवरूनही झाली नाहीत. भाजीची पिशवी डिकीवर टेकवली, झालं. बांगडी दाराला लागली, झालं. एकदा बोटानं धुळीत लेकीचं नाव लिहिलं, तर दोन दिवस अबोला. हे चिडले की यांचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. आवाज चढायचा नाही, पण एकेक वाक्य असं तासून काढलेलं की समोरच्यानं पुन्हा चूक करायच्या आधी कानाला खडा लावावा.

मग हे विसरायला लागले.

सुरुवातीला किल्ल्या, चष्मा, शेजाऱ्यांची नावं. मग दुकानाचा रस्ता. लांबूभावजींनी एकदा यांना हाताला धरून घरी आणलं आणि दारातच माझ्याकडे बघून मान हलवली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. घरी येईपर्यंत मीच ते विसरले. "आता आम्ही दोघंही विसराळू झालो," असं मी लेकीला फोनवर हसत सांगितलं. फोन ठेवला आणि मोरीत नळ सोडून रडले.

दुकान भावजींनी एकट्यानं चालवायला घेतलं. हे घरी बसले. गाडी चालवणं बंद झालं, किल्ली मी डब्यात लपवली, त्याबद्दल यांनी कधी विचारलंही नाही. चालवण्यात यांचा जीव नव्हताच कधी. गाडी घरासमोरच्या पत्र्याखाली उभी असायची आणि हे तिच्याभोवती फिरत असायचे.

पहिल्यांदा झालं तेव्हा लेक राहायला आली होती. सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं तर हे बॉनेट पुसत होते. हातात पायपुसणं. दारातलं, चिखलाचं, आदल्या दिवशी पाहुण्यांनी तुडवलेलं पायपुसणं. आणि कोरडं. मी धावत बाहेर गेले तोवर अर्धं बॉनेट पुसून झालं होतं. "चहा झालाय, या," असं म्हणून मी पायपुसणं हातातून काढून घेतलं. हे शांतपणे आत आले, चहा प्यायले, आणि थोड्या वेळानं पुन्हा बाहेर गेले.

यांची गाडी तपासायची एक पद्धत होती. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घालायची, डोळे मिटायचे आणि बोटं रंगावरून अलगद फिरवायची. उघड्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून कळतं, कणभर खरखरही. हे कधी विसरले नव्हते ते. त्या दिवशीही पिशवी घातली, डोळे मिटले आणि दुसऱ्या क्षणाला उघडले.

"ही कोणी पुसली?"

आम्ही दोघी मायलेकी दारात उभ्या. ऊन बॉनेटवर आलं होतं आणि तिथं जाळंच जाळं होतं.

"कोरडी पुसलीय. घाण फडक्यानं. कोण आलं होतं?"

लेक माझी चांगली आहे, पण तिला खोटं जमत नाही. बापाचीच आहे. तिनं जवळ जाऊन अगदी मऊ आवाजात सांगितलं, "बाबा, सकाळी तुम्हीच पुसलीत."

हे हसले. "मी? मी कोरडी पुसेन?"

"बाबा, बाहीला बघा."

यांनी बाही पाहिली. बाहीला चिखल लागलेला होता, मनगटापर्यंत. तो बघता बघता यांचं हसू तोंडावरच राहिलं आणि खालचा चेहरा मात्र उतरला. मग यांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. दुपारी जेवले नाहीत. लेकीनं मनधरणी केली, मी दटावलं, काही उपयोग नाही. संध्याकाळी मी शेजारी जाऊन बसले तेव्हा यांनी मला हळूच विचारलं, "अगं, मी अजून काय काय करतो? मला न कळता?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाला कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी हे सगळं विसरून गेले होते, पण भीती विसरले नव्हते. कशाची भीती ते यांना सांगता येत नव्हतं, नुसते स्वतःचे हात बघत बसायचे. पुढचे किती तरी दिवस तसेच गेले. बाकी काहीही विसरू दे, पण आपल्या हातानं आपण काय करतो आहोत हे या माणसाला पुन्हा कळता कामा नये, असं मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. पुढचे सगळे ओरखडे माझ्या नावावर.

मी जपायला लागले. पायपुसणं आत घेतलं, फरशीचं फडकं कपाटात, झाडूसुद्धा कुलपात. पण यांना काहीतरी सापडायचंच. जुनं पोतं, वर्तमानपत्र, एकदा तर माझीच शाल. गाडीवर आच्छादन घातलं तर ते ओढून काढायचे, जमिनीवर टाकायचे आणि मग त्यानंच गाडी पुसायचे. हात धरला की घाबरायचे, परक्या माणसानं धरल्यासारखे. मग मी हात धरणं सोडून दिलं.

दुसऱ्या वेळी यांनी पिशवीतून हात फिरवला आणि विचारलं, "कोणी पुसली ही?"

"मी," मी म्हटलं.

"तू?"

"मीच पुसली. धूळ बसली होती, म्हटलं जरा फडकं मारावं."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. आणि मग सुरू झाले. "इतकी वर्षं मी काय भिंतीशी बोलतोय? धूळ बसली होती म्हणे. धूळ बसली तर बसू दे, तुझ्या बापाचं काय खाते ती? धुळीनं रंग मरत नाही, फडक्यानं मरतो. तुला स्वयंपाकघरात मी कधी शिकवायला आलो? मग इथं कशाला येतेस अक्कल पाजळायला?"

मी मान खाली घालून उभी होते आणि आतून माझा जीव हरखला होता. कितीतरी महिन्यांत हे इतकं सलग बोलले नव्हते. एक शब्द अडला नाही, एक वाक्य अर्धवट राहिलं नाही. रोज मिठाला "ते पांढरं" म्हणणारा माणूस मला दुधाची धार लागावी तसा रागावत होता. माझ्या बापाचाही उद्धार झाला. एरवी मी ऐकून घेतलं नसतं.

लेकीला हे कळलं तेव्हा तिनं फोनवरच माझी शाळा घेतली. "आई, तू उगाच शिव्या खातेस."

"खाऊ दे. मला गोड लागतात."

"त्यापेक्षा गाडी विकून टाक ना. गाडीच नसेल तर प्रश्नच मिटला."

"तुझा बाप पण विकू का बरोबर? गिऱ्हाईक बघ," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. ती लांब राहते, तिचा जीव तिथं टांगणीला लागलेला असतो. पण विकायचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ओरखडे काढायचं काम भावजींकडे होतं. मी यांना घेऊन बागेत फिरायला जायचे, आणि भावजी मागच्या मागं येऊन मशीन लावायचे. पॉलिश लावून गोल फिरणारी मऊ चकती रंगावर फिरवली की ओरखडे जातात. आम्ही परत येईपर्यंत बॉनेट पुन्हा आरशासारखं. भावजी फाटकाशी उभे राहून "काय उस्ताद, कसं काय?" करायचे, हे गाडीवरून नजर फिरवायचे आणि समाधानानं मान हलवायचे. आम्ही दोघं चोरासारखे एकमेकांकडे बघायचो. मला वाटलं, हे असंच चालेल. हे पुसतील, मी बोलणी खाईन, भावजी घासतील. माणसाला जगायला याहून जास्त काय लागतं?

मध्येच एकदा मला एक शक्कल सुचली. यांना पुसायचंच असेल तर नीट का पुसू नये? मी सकाळी दोन बादल्या भरल्या, धुतलेली मऊ फडकी काढली आणि यांना हाक मारली. "मला शिकवता का? मला येत नाही."

यांनी बादल्या पाहिल्या. साबणाची कुठली, पाण्याची कुठली, बोट बुडवून ओळखली. मग माझ्या हातात पाण्याचा पाइप दिला.

"वरून. टपावरून. मारू नकोस पाणी, सोड. पाण्याला आपलं आपण जाऊ दे."

मी पाणी सोडलं. धूळ ओघळून खाली आली. यांनी माझ्या हातावर हात ठेवून फडकं टपावर टेकवलं. "दाबू नकोस. आपलं वजन आपल्याजवळ ठेवायचं, फडक्याला द्यायचं नाही. सरळ जायचं, गोल नाही. हां, अशी." मी घासलं, बुडवलं, पिळलं, पुन्हा घासलं. "बांगड्या काढ," हे म्हणाले. मी काढून पदराला बांधल्या. इतक्या वर्षांत त्या गाडीला मी पहिल्यांदा उजळ माथ्यानं हात लावला होता. तिचं अंग गार होतं आणि इतकं गुळगुळीत की फडकं हातातून सुटून पुढे पळायचं. यांनी काय पाहिलं होतं तिच्यात ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "सवत देखणी आहे हो." हे हसले, खरं हसले. "सवत तुझी," म्हणाले, आणि पुढचं वाक्य हरवलं. ते शोधत जरा उभे राहिले. मला ते वाक्य पाठ होतं, पण मी बोलले नाही, माझ्या तोंडून ते बरं दिसलं नसतं.

दोघांनी मिळून अख्खी गाडी धुतली. टॉवेल अंथरून, ओढून घेऊन वाळवलीही. मी आत चहा टाकायला गेले. घरात पुन्हा हसणं-बोलणं आल्यासारखं वाटत होतं, मी गुणगुणतसुद्धा होते. चहा घेऊन बाहेर आले तर हे भांड्याच्या काथ्यानं दार घासत होते. माझ्याच मोरीतून उचललेला काथ्या, राखेचा.

त्या खेपेला भावजींनी मशीन लावायच्या आधी खिशातून रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र काढलं, काडेपेटीएवढं, आणि ते बॉनेटवर इथं तिथं टेकवून बघितलं. हे आत झोपले होते. भावजींचं तोंड गंभीर झालं.

"वहिनी, एक सांगू का? रागावू नका."

"सांगा की. माझ्यावर रागावणारा माणूस वेगळा आहे."

"रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. चमक सगळी त्याची. ओरखडा काढायचा म्हणजे काय, तर तो थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणायचा. दर वेळी थोडा जातो. उस्तादनं आयुष्यभर जपून वापरला होता, वर्षात एकदासुद्धा मशीन लावायचा नाही. आपण गेल्या काही महिन्यांत सगळा संपवला."

"म्हणजे?"

"म्हणजे आज शेवटचं. यानंतर मशीन लावली तर रंगच उडेल, खालचा पांढरा दिसेल."

"मग नवा रंग मारू."

भावजींनी मान हलवली. "त्याला कळेल. दुसऱ्यानं मारलेला रंग तो रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. आणि गाडी आठवडाभर दुकानात ठेवावी लागेल. मागे एक दिवस नेली होती तेव्हा काय झालं, आठवतंय ना?"

आठवत होतं. हे रिकाम्या जागेवर उभे राहिले होते, गाडीएवढी जागा सोडून, तिच्याभोवती फिरावं तसे फिरत. संध्याकाळपर्यंत आत आले नव्हते.

मी म्हटलं, "घासा आजचं. पुढचं पुढे."

भावजी घासायला लागले आणि मी पत्र्याच्या खांबाला टेकून उभी राहिले. आपणच थर संपवला, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी पांघरूण घालत होते आणि तेच झिजत होतं. पण दुसरं मी करणार तरी काय होते?

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून राखण केली. भांड्यांचा काथ्या पदराला बांधून फिरायचे. हे उठायच्या आधी उठायचे, हे बाहेर गेले की खुर्ची घेऊन गाडीजवळ बसायचे, भाजी तिथंच निवडायचे. हे गाडीभोवती फिरायचे, मी यांच्याभोवती. लेक म्हणाली, "आई, तू अर्धी झालीस." मी म्हटलं, "बरंच आहे, जाडी झाले होते."

आणि मग एक दिवस मला जाग आली नाही. सलग रात्री जागून अंग मोडून आलं होतं, ताप असावा. डोळे उघडले तर खिडकीत ऊन होतं आणि बाहेरून खरखर आवाज येत होता. तो आवाज मी लगेच ओळखला. अनवाणी धावले.

हे बॉनेटशी वाकले होते. हातात तारेचा घासणा, करपलेली भांडी घासायचा. तो मी सांडशीमागे, अगदी तळाशी लपवला होता. यांनी मन लावून काम केलं होतं. बॉनेट, दोन्ही दारं, टपाची कड, जिथं जिथं हात पोचला तिथं तिथं. काळा रंग राखाडी झाला होता, आणि बॉनेटच्या मधोमध खालचा पांढरा उघडा पडला होता, हातभर. नुसते ओरखडे नव्हते ते, सोलून काढली होती गाडी.

मी घासणा घेतला आणि पदराआड केला. भावजींना बोलावून आता उपयोग नव्हता, बागेत नेऊन उपयोग नव्हता. ऊन पत्र्याच्या कडेवरून खाली उतरत होतं, थोड्या वेळात बॉनेटवर येणार होतं आणि मग सगळं दिसणार होतं. यांच्या बाहीवर काळा चुरा होता. मी ती बाही घाईघाईनं झटकली, पदर ओला करून हात पुसले, एकेक बोट, नखांतलं काळंसुद्धा. हे मुकाट पुसू देत होते.

मी मनाशी तयारी केली. आज वादळ येणार. येऊ दे. आजवर फडक्याचं निभावलं, आज तारेचं. म्हणेन, डाग पडला होता, घासला. माझ्या बापाचा, आजोबाचा, सगळ्या माहेराचा उद्धार होऊ दे. घराबाहेर हाकलतील फार तर, अंगणात बसेन.

ऊन बॉनेटवर आलं. यांनी पाहिलं. मी पाहिलं, हे बघतायत. मान जराशी वाकडी करून, कायम बघायचे तसे. मी थांबले नाही.

"माझ्या हातून झालं," मी म्हटलं. "डाग होता, मी तारेनं घासला. मला कळलं नाही. माझं चुकलं."

यांनी बॉनेटवरून पुन्हा एकदा नजर फिरवली.

"बघताय ना? सगळा रंग गेला. मीच केलं हे."

"कुठं?" यांनी विचारलं.

मी बोट ठेवलं, त्या पांढऱ्यावर. "इथं. हे बघा. इथं, आणि इथं दारावर. बघा ना नीट."

यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्या तोंडाकडे. गाडीपेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त वेळ. तिथं काय दिसलं यांना कोण जाणे, पण चेहरा एकदम मऊ झाला.

"चांगली आहे की," हे म्हणाले. "छान चमकतेय उन्हात."

मला वाटलं, यांना दिसलं नसेल, चष्मा नाही डोळ्यांवर. मी यांचा हात धरला आणि त्या खरबरीत जागेवर ठेवला, दाबला. यांची बोटं तिथं तशीच पडून राहिली. पूर्वी कणभर वाळू कळायची त्या बोटांना. मी हात पुढेमागे फिरवला. "लागतंय ना हाताला? रागवा की मग. बोला काहीतरी. अक्कल गहाण टाकली म्हणा. काहीही म्हणा."

मी रडायला लागले, लहान पोरासारखी, शेजारी बघतील याची लाज न बाळगता. सगळं इतके दिवस मी यांना कळू नये म्हणून केलं होतं, आणि आता यांना कळत नव्हतं, आणि ते मला सोसवत नव्हतं.

यांनी आपला हात सोडवून घेतला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. अगदी बेतानं, परक्या बाईच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"रडू नका हो," हे म्हणाले. "होतं असं. गाडीच आहे, माणूस तर नाही ना."

मी वर पाहिलं.

"घरी रागावतील म्हणून भीती वाटतेय का?" यांनी विचारलं. "तुमचे मालक फार रागीट आहेत का?"

मी मान हलवली. "फार," मी म्हटलं. "गाडीला बोट लावलं तरी रागावतात."

"असं नको करायला त्यांनी." यांनी थोडा विचार केला. "मी समजावतो त्यांना. माणसासारखा माणूस आहे, ऐकेल. ते आले की मला सांगा."

मी पदरानं डोळे पुसले. ऊन चढलं होतं, यांना चहाही दिला नव्हता सकाळपासून.

"आले की सांगते," मी म्हटलं, आणि यांना हाताला धरून आत घेतलं.